साखरपुड्याआधीची मुरमं

चाकणच्या एका गाड्यांच्या कंपनीत विजयश्रीचं काम एकच: रंगवलेल्या दारावर दाणा दिसला की बारीक पॉलिश पेपरने घासून तो सपाट करायचा. साखरपुडा पंधरा दिवसांवर आला आणि तिच्या गालांवर मुरमं उठली, तेव्हा हाताच्या सवयीने तिने तेच केलं. पेपरऐवजी खरखरीत टॉवेल घेतला, एवढंच. दोन दिवसांत गाल लालभडक झाले.

संत तुकाराम नगरातल्या त्वचेच्या डॉक्टरबाई तिचं काम आणि टॉवेलचा प्रताप ऐकून हसू दाबत म्हणाल्या, "अगं, हा पत्रा नाही. घासायचं नाही, फोडायचं नाही. दिवसातून दोनदा सौम्य साबणाने धू, हे मलम पातळसं लाव आणि दोन महिने धीर धर."

"आणि साखरपुड्याचे फोटो?"

"फोटोत मुरमंही येतील."

होणाऱ्या नवऱ्याने, समाधानने, ऐन कार्यक्रमात दचकायला नको म्हणून तिने त्याला आधीच व्हिडिओ कॉल लावला. त्याने तिचे गाल निरखून पाहिले. मग दाढीचे केस बाजूला सारून आपली हनुवटी कॅमेऱ्याजवळ आणली. तिथे तिच्यापेक्षा टपोरी मुरमं होती.

"ही दाढी काय हौसेने ठेवलीय होय?" तो म्हणाला. "त्या बाईंचा पत्ता पाठव. आणि साखरपुड्याला दाढी करून ये म्हणू नकोस."

विजयश्रीला हसू आवरेना.