उन्हाकडे तोंड केलेली पंगत

या, असे जवळ सरका. मागं बसलं की अर्धं ऐकू येतं आणि अर्धं मनानं जोडावं लागतं. मी कीर्तनात कधी मागं बसलो नाही, मृदंगाच्या शाईचा वास येईल इतका पुढं बसतो. आज बुवा मात्र मीच, रामकिसन मेडशीकर, आणि आख्यान देवाचं नाही, एका क्रिकेटच्या सामन्याचं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढं मला काळजीचं सांगायचं आहे.

आमच्या मेडशीत डिसेंबर लागला, सोयाबीन घरात आलं आणि तुरीच्या शेंगा भरू लागल्या की तीन दिवसांचा सामना होतो. समोर आसेगावची टीम. पांढरे कपडे, लाल चेंडू, आणि दोघांनीही दोन-दोनदा खेळायचं. टीव्हीवर कसोटी म्हणतात ना, तीच. फक्त पाच दिवसांची तीन केलेली. हे सुरू केलं पंजाबरावांनी. शाळेत शिपाई होते. कानाला रेडिओ लावून कसोटी ऐकायचे आणि मधल्या सुट्टीची घंटा विसरायचे. बौद्धपुऱ्यातली पोरं आणि गावातली पोरं त्यांनी एका टीममध्ये घातली, तेव्हा दोन्हीकडचे म्हातारे कुरकुरले. पंजाबराव म्हणाले, "एका दिवसात माणूस कयत नाही. तीन दिवस संगं उभे राहू द्या." त्याला आता छत्तीस वर्षं झाली.

पहिली काही वर्षं लोक बैलगाड्या जुंपून येत. मी माईकवर असायचो. ओव्हर संपली की बोलर कोण, धावा किती, हे सांगणं माझं काम, आणि मध्येच एखादा दृष्टांत ठेवून देण्याची माझी खोड. मग गाड्या कमी झाल्या, माणसं कमी झाली. आता तर टीव्हीवरही खरी कसोटी लागली की माणसांपेक्षा रिकाम्या खुर्च्याच जास्त दिसतात, तिथं मेडशीचं काय घेऊन बसता? दोन सालांमागं सामन्याच्या दुसऱ्या दिवशी मी मैदानाभोवती नजर फिरवली. फिल्डिंगला अकरा, बॅटिंगला दोन, बाहेर त्यांचे बाकीचे नऊ, दोन पंच, मी, आणि लिंबाखाली पोत्यावर बसलेली भागिरथाबाई. प्रेक्षक म्हणावं असं तेवढं एकच माणूस.

भागिरथाबाई म्हणजे पंजाबरावांची बायको. ते गेले त्याला नऊ वर्षं झाली. तीन दिवस, नऊ ते पाच, ती त्या लिंबाखालून हलत नाही. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, चेंडू दिसत नाही. मी एकदा विचारलं, "मावशी, दिसत नाही त मग काय पाहता?" तर म्हणाली, "तू किर्तनात देव पाह्यला का कधी?"

तिचा मुलगा संघदीप आमचा कॅप्टन. वय सेहेचाळीस, वाशीम डेपोत एसटीचा कंडक्टर. सामन्यासाठी रजा राखून ठेवतो, आणि आठ दिवस आधीपासून ड्युटी संपवून येऊन पिचवर पाणी मारतो, हातानं रोलर ओढतो.

तर मागच्या नोव्हेंबरात ग्रामसभा झाली. ऋषिकेश आमचा उपसरपंच आहे, तिशीचा पोरगा. टेनिस बॉलच्या रात्रीच्या स्पर्धा तोच भरवतो, दिवे लावून, आठ-आठ ओव्हरच्या. दोन-दोन हजार माणूस जमतो. पोरगा वाईट नाही, भेटला की माझ्या पाया पडतो. तो सभेत आम्हा दोघांकडे वळून उभा राहिला.

"काका, मैदान एक हाय. डिसेंबरातले ते तीन दिवस आमच्या स्पर्धेच्या ऐन मधात येतात. तुमी कोणासाठी खेयून राह्यले, ते सांगा."

संघदीप म्हणाला, "खेयासाठी."

"मंग शेतात खेया," मागून कुणीतरी बोललं, आणि सभा हसली.

ऋषिकेश नाही हसला. म्हणाला, "एक काम करा. तिसऱ्या दिवशी चहाच्या सुट्टीनंतर मी सोता येतो. शंभर माणसं म्याच पाहत बसलेली दाखवा. दाखवली, त तारखा तुमच्या. नाही, त पुढच्या सालापासून आमच्या."

शंभर! परत येताना फाट्यावर वेगळं झालो तेव्हा संघदीप म्हणाला, "रामकिसनभाऊ, बाबाले काय सांगू मी?" पंजाबरावांचा फोटो त्याच्या घरात बाबासाहेबांच्या फोटोखाली आहे, रोज त्याच्यासमोरून त्याला जावं लागतं.

मी चार दिवस विचार केला आणि मला सप्ताह आठवला. सात दिवस कीर्तनाला चाळीस माणसं असतात. काल्याच्या दिवशी अख्खं गाव येतं. कशानं येतं ते तुम्हालाही ठाऊक आहे. मग ठरवलं, तिसऱ्या दिवशी चार वाजता मैदानाच्या कडेला रोडग्यांची पंगत घालायची. गोवऱ्यांवर भाजलेले कणकेचे रोडगे, वांग्याची भाजी, वरण. घरटी पायली-पायली गहू जमले.

संघदीपला ते पटलं नाही. "म्याचसाठी माणसं आणायची त म्याच दाखवून आणा ना. वांग्याची भाजी दाखवून काय आणता?"

"अरे, भुकेनं आलेल्याच्या कानावरही चार शब्द पडतात," मी म्हणालो. कीर्तनात मी हे किती वेळा पाहिलं होतं. म्हणून खात्रीनं बोललो, पण आतून खात्री नव्हती.

माझी बायको विजयमाला कणीक मळताना म्हणाली, "तुमचा देव पंगतीले पावते, क्रिकेटले पावन का?"

तिसरा दिवस उजाडला. सकाळी माणसं नऊ. दुपारी एकला चौदा, त्यातली पाच रोडगे भाजणारी. आसेगावनं आमच्यासमोर इतक्या धावा ठेवल्या होत्या की जिंकणं शक्यच नव्हतं. पाच वाजेपर्यंत टिकून राहायचं, सामना वाचवायचा, एवढंच हाती होतं. आणि गडी एकामागून एक परत येत होते. मी माईकवर नावं सांगत होतो, पण माझे डोळे रस्त्याकडे.

बसायच्या पट्ट्या मी सकाळीच पूर्वेकडच्या उंचवट्यावर अंथरून ठेवल्या होत्या, एकामागे एक चार रांगा, सगळ्यांची तोंडं मैदानाकडे येतील अशा. फार हुशारी केली असं मला वाटलं होतं.

साडेतीननंतर माणसं आली. खरंच आली हो. मोटरसायकलीवर तीन-तीन, बायका, म्हातारे. धनसिंग पाटील काठी टेकत आले. दीडशेच्या वर पानं मांडली गेली. माझा जीव भांड्यात पडतो न पडतो, तोच पंगत बसली आणि मी पाहतच राहिलो. मैदान पश्चिमेला आणि डिसेंबरचं ऊन तिरपं, थेट डोळ्यांत. माणसं आली, पट्टी पाहिली, ऊन पाहिलं आणि तिकडं पाठ करून बसली. एक बसला तसे सगळे बसले. दीडशे पाठी मैदानाकडे.

मी विजयमालाकडे धावलो. "अवं, यांना फिरून बसायला सांग."

"ऊन डोयात घेऊन कोणी जेवते का? तुमाले सकायी सुचलं नाही?"

तेवढ्यात ऋषिकेश आला. गाडी लावली, पंगतीकडे पाहिलं, मैदानाकडे पाहिलं. हळू आवाजात, माझा मान ठेवून बोलला, "काका, मले यातला एक तरी माणूस म्याच पाहताना दाखवा."

मी काय दाखवणार? तिकडं आमचा नववा गडी बाद झाला होता. शेवटची जोडी, संघदीप आणि नवीन आलेला शेवटचा गडी. सहा ओव्हर बाकी.

आता आमच्याकडची पंगतीची रीत सांगतो. शेवटच्या पानावर वाढून होईपर्यंत आणि 'पुंडलिक वरदे' म्हणेपर्यंत कोणी घास मोडत नाही. गावात तो जयघोष वीस वर्षं मी देतो. वाढून झालं. विजयमालानं खूण केली. माईक हातात होता. पण पंगतीतलं सगळ्यांत जुनं माणूस अजून लिंबाखालीच होतं. तिला सोडून कसं म्हणायचं? म्हणून मी भागिरथाबाईला बोलवायला गेलो.

"मावशी, चला, पान वाढलं."

"पोरगा उभा हाय अन् मी जेवू? सहा ओव्हर राह्यल्या. थांब जरा."

मी थांबलो. समोर पाहिलं. आसेगावचा उंच पोरगा धावत आला, चेंडू उसळला, संघदीपनं छातीपाशी आलेला चेंडू बॅट सैल धरून पायाशी पाडला. भागिरथाबाईनं नुसत्या आवाजावरून मान हलवली. पुढचा चेंडू सोडला, त्याच्या पुढचा अडवला. चौघं जण त्याच्या इतके जवळ उभे होते की त्याचा श्वास त्यांना ऐकू जात असेल. आणि खरं सांगतो, मी विसरलो. दीडशे माणूस वाढलेल्या पानावर हात आखडून बसलंय हे मी साफ विसरलो. दोन ओव्हर गेल्या.

शांतता झाली म्हणून मी भानावर आलो. पंगतीत बोलणं बंद पडलं होतं. वरणावर साय धरत होती. त्या शांततेत बॅटचा आवाज आला, टक्. एक मान वळली.

"निंघाला का आउट?"

"नाही निंघाला."

"मंग हानून कायले नाही राह्यला?"

धनसिंग पाटलांनी हाक मारली, "रामकिसन, बोल ना गड्या आता. रोडगे निवून चालले."

माईक माझ्या तोंडाशी आला, आणि तिथंच थांबला. अन्नापुढं भुकेलं माणूस ताटकळत ठेवणं पाप आहे, हे मी जन्मभर ऐकत आलो. पण जयघोष दिला की या दीडशे मानाही पानात जातील, ही वळलेली एकसुद्धा. पाठीमागं ऋषिकेश उभा. मी दिला नाही. त्याचा जाब वर द्यावा लागेल तेव्हा देईन.

माझ्याऐवजी भागिरथाबाई बोलली. आवाज अजून खणखणीत आहे तिचा. "धनसिंग, तोंड इकडं कर. माया पोरगा सव्वा तास उभा हाय. तुया रोडगा घडीभर नाही उभा राहत?"

धनसिंग पाटील म्हणजे पंगतीचा मान. लोक त्यांच्या तोंडाकडे पाहू लागले. मग त्यांनी पत्रावळ दोन्ही हातांनी उचलली, बसल्या जागी फिरले, पत्रावळ पुन्हा मांडली आणि डोळ्यांवर ऊन आलं म्हणून कपाळावर आडवा हात धरला.

"काय करून राह्यला तो?" त्यांनी विचारलं.

"वाचवून राह्यला," भागिरथाबाई म्हणाली.

एक रांग फिरली. मग दुसरी. पत्रावळी खसखसल्या. ज्या हातानं रोडगा कुस्करायचा तो हात प्रत्येकानं कपाळावर धरला होता. मी सांगू लागलो, हळू, कीर्तनाच्या सुरुवातीला बोलतात तसं. एकवीस चेंडू राहिले. वीस राहिले. चेंडू अडवला की पंगतीतून 'हं' असा एकच हुंकार येई. रोडगे भाजणाऱ्या बायका राख झटकत येऊन उभ्या राहिल्या. शेवटची ओव्हर लागली तेव्हा कुणाला भूक लागली असेल असं वाटत नव्हतं.

तीन चेंडू राहिले होते. चेंडू थोडा जास्त उसळला, संघदीपच्या ग्लोव्हजला लागला आणि जवळच्या पोरानं पुढं झेपावून घेतला. आसेगावची पोरं नाचली. पंच बोट वर करून तसाच उभा राहिला.

आम्ही हरलो. मी माईक खाली धरला, तेव्हा धनसिंग पाटलांनीच जयघोष दिला. पंगतीनं उत्तर दिलं, पण हात लगेच पानात गेले नाहीत. दुसऱ्या रांगेतून कुणीतरी विचारलं, "पहिल्या डावात आपल्या किती होत्या?" शेजारच्याला ठाऊक नव्हतं. त्यानं पुढच्याला विचारलं. ते विचारत विचारत माझ्यापर्यंत आलं आणि मी माईकवरून सांगितलं. तीन दिवसांत मला कुणी स्कोअर विचारण्याची ती पहिली वेळ.

संघदीप आईजवळ येऊन बसला. पॅड न सोडताच रोडगा मोडला. "थंड हाय," म्हणाला.

"तुयामुयंच थंड झाला," भागिरथाबाई म्हणाली आणि त्याच्या पत्रावळीवर आपल्यातलं वांगं ठेवलं.

ऋषिकेश माझ्याजवळ आला. "मोजले काका. म्याच पाहणारे एकशे एकेचाळीस." मी हात जोडणार तेवढ्यात म्हणाला, "पण रोडगे नसते त? तारखा येत्या साली तुमच्या. पुढच्या डिसेंबरात रोडगे नाही ठेवायचे. मंग मी परत मोजायले येईन." तेही बरोबरच होतं. जाताना तो भागिरथाबाईच्या पाया पडला आणि पहिल्या डावाचा स्कोअर त्यानंही विचारला.

तेव्हापासून माझी काळजी काही गेलेली नाही. डिसेंबर जवळ येतोय. संघदीपनं रजेचा अर्ज दिलाय. रोडगे नसले तरी मी बसायला पट्ट्या पूर्वेकडच्या उंचवट्याऐवजी लिंबाच्या सावलीत टाकणार आहे, एवढं शहाणपण आलं. बाकी कोण येईल, किती येतील, पांडुरंगाला ठाऊक. सकाळी काकडा म्हणताना मध्येच मला रिकामं मैदान दिसतं.

तुम्ही मेडशीला याच असं मी म्हणत नाही. लांब आहे, तुम्हाला कामं आहेत. एवढंच करा. कुठं कीर्तनाला, सभेला, सामन्याला गेलात आणि सभोवती माणसं नाहीत म्हणून उठावंसं वाटलं, तर बुड टेकून आणखी थोडं बसा, आणि आमच्या भागिरथाबाईची आठवण काढा. चेंडू दिसत नसताना लिंबाखाली बसून राहिलेल्या त्या माउलीची.