गाजराचा रंग

"मी काय ससा आहे का?" बायकोनं विचारलं.

"पी गं पटकन. गार होईल."

"गाजराचा रस गार होतो का कधी? बोलायचं म्हणून काहीही बोलता तुम्ही."

पेला तिच्यापुढे ठेवून तो पाठमोरा झाला आणि मिक्सरचं भांडं विसळू लागला. घोट गिळताना तिला त्रास होत होता, तोंड आतून सोलून निघालं होतं. पेला टेबलावर आपटल्याचा आवाज आला तेव्हा त्याला कळलं की संपला. मग त्यानं हात पुसले, डब्यातून दोन हिरव्या कॅप्सूल काढल्या आणि मागे न वळताच हात लांब केला. तिनं त्या उचलल्या.

रंगाच्या दुकानात शेड जुळवून द्यायचं काम तो वर्षानुवर्षं करत होता. कुणी भिंतीचा पोपडा आणायचं, कुणी खुर्चीचा तुटका पाय. तो बघायचा आणि तसाच रंग घोटून द्यायचा. दुकानात यंत्र आलं तरी गिऱ्हाईक यंत्राला विचारायचं नाही, 'रंगवाले आहेत का?' म्हणून विचारायचं. नजरेच्या बाबतीत त्याला थोडा गर्वही होता, आणि तो वावगा नव्हता.

बायकोच्या छातीतली गाठ कॅन्सरची निघाली त्या दिवशी तो रडला नाही. रिक्षा केली, तिला घरी आणलं, आणि नळ गळत होता तो दुरुस्त करायला बसला. सगळे म्हणाले, काय धीराचा माणूस आहे. धीर कसला डोंबलाचा! दातवाल्यानं सुई टोचल्यावर गाल जसा होतो तसा तो आतून झाला होता. चावलं तरी कळत नव्हतं. अशा माणसाला हाताला काहीतरी काम लागतं, आणि ते काम त्याच्या थोरल्या बहिणीनं पुरवलं.

ताईच्या फोनवर साऱ्या जगाचं ज्ञान येई. साखर बंद, मैदा बंद, दूध बंद. सकाळ-संध्याकाळ गाजराचा रस. आणि कुठल्याशा पानांच्या अर्काच्या कॅप्सूल; केमोनं शरीरात साठलेलं विष म्हणे त्या धुऊन काढतात.

"केमोवाल्या डॉक्टरीणबाईंना विचारू का?" त्यानं एकदा विचारलं होतं.

"कशाला? त्यांना हे पटत नसतं. आणि झाडपाल्याचंच आहे रे, अपाय तर काही नाही ना?"

बायकोला बिस्किट चहात बुडवून खावंसं वाटे. तो नाही म्हणे. ती फार ताणून धरत नसे. "तुम्हाला बरं वाटतंय ना? मग द्या," एवढं म्हणून ती सगळं गिळत होती.

मग एके दिवशी पेला घेताना तिचा तळहात त्याला पिवळसर दिसला. रसानं कातडीवर रंग येतो हे ताईनं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यानं लगेच फोन लावला.

"ताई, रंग चढायला लागला."

"बघ! मी म्हटलं नव्हतं? लागू पडतंय. आता कॅप्सूल वाढव."

त्यानं वाढवल्या. अंगाला खाज सुटली, अन्नाचा वास सहन होईना. ते केमोमुळे असणार असं त्यानं ठरवून टाकलं. रोज तळहात बघायचा आणि कामाला जायचा. त्याला आनंद झाला असं म्हणता येणार नाही, पण एक काम नीट चाललंय एवढं समाधान होतं.

पुढच्या केमोच्या आदल्या दिवशी दुकानात एक म्हातारे गृहस्थ खिडकीच्या चौकटीचा तुकडा घेऊन आले. नव्यानं लावलेला पांढरा जुन्याशी जुळत नव्हता. यंत्र म्हणत होतं जुळतोय. त्यानं तुकडा हातात घेतला, पांढऱ्या रंगाच्या बादलीत पिवळ्याचे दोन थेंब टाकले, ढवळलं आणि बोट बुडवून तुकड्यावर ओढलं. बोट कुठे टेकलं ते म्हाताऱ्यांना सापडेना.

"काय नजर आहे हो तुमची!" ते म्हणाले.

"सवय आहे," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलात डॉक्टरीणबाईंनी रक्ताचा रिपोर्ट बघितला, मान वर केली, आणि उठून बायकोची खालची पापणी अंगठ्यानं ओढली.

"डोळे कधीपासून पिवळे झालेत?"

बायकोनं त्याच्याकडे पाहिलं. त्यानं टेबलावरच्या पेनाकडे पाहिलं.

"ते गाजरामुळे," तो म्हणाला. "रस देतोय मी. तळहात आधी..."

"गाजरानं कातडी पिवळी होते. डोळे पांढरेच राहतात. ही कावीळ आहे. तुम्ही रोज समोर असता ना यांच्या? डोळे दिसले नाहीत?"

त्यानं खिशातून कॅप्सूलचा डबा काढून टेबलावर ठेवला. का ठेवला ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. बाईंनी डबा फिरवून वाचला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"यानं झालंय, आमच्या औषधानं झालंय, की आजारच लिव्हरमध्ये गेलाय, ते तपासल्याशिवाय कळणार नाही. हे आजपासून बंद. रसही नको. घशाखाली उतरेल ते साधं जेवण द्या. आणि आज केमो देता येणार नाही."

तपासण्या झाल्या. आजार लिव्हरमध्ये गेलेला नव्हता. बहुतेक कॅप्सूलनीच केलं असावं, बाई म्हणाल्या. लिव्हर सावरेपर्यंत केमो थांबवावी लागणार होती, आणि आजार काही त्यांच्यासाठी थांबणार नव्हता. "रोज सकाळी डोळे बघत जा," त्यांनी बजावलं. "पिवळेपणा वाढला तर वाट न बघता घेऊन या."

संध्याकाळी ताईचा फोन आला. ती रडत होती. "मी चांगल्यासाठीच रे..."

"हो ताई," तो म्हणाला. त्याला रागही आला नाही. बायकोनं त्याच्या हातून फोन घेतला.

"वन्सं, रडू नका. या तुम्ही भेटायला. फक्त रिकाम्या हातानं या."

सकाळी त्यानं गॅलरीत दोन खुर्च्या समोरासमोर मांडल्या. घरातल्या दिव्याखाली रंग खरा दिसत नाही, त्याला उजेड लागतो. बायको येऊन बसली. बिस्किट खाऊन आली होती, ओठाला चुरा लागला होता.

"बघा," ती म्हणाली आणि तिनं एका डोळ्याची पापणी खाली ओढली.

तो पुढे वाकला. आधी त्यानं तिचं बोट पाहिलं, मग गाल पाहिला, मग दुसरीकडे बघायला काही उरलं नाही. पांढऱ्याच्या जागी पिवळा होता. चांगला दाट, कुणालाही दारातून दिसावा इतका. आणि त्या पिवळ्याच्या मधोमध ती त्याच्याकडे बघत होती. किती दिवस बघत होती कोण जाणे.

"सांगा की. कसा आहे?"

दुकानातल्या प्रत्येक पिवळ्याला त्याच्याजवळ नाव होतं. त्यातलं एकही तोंडात येईना. त्यानं तिच्या खुर्चीचा हात घट्ट धरून ठेवला.

"घाबरलात?" तिनं विचारलं.

"हो."

"बरं झालं," ती म्हणाली. "इतके दिवस मी एकटीच घाबरत होते."

तिच्या डोळ्यातून पाणी यायला लागलं होतं. तिनं पापणी सोडली, पदरानं डोळा टिपला आणि खुर्चीच्या हाताला धरून उठू लागली.

"थांब," तो म्हणाला. "दुसरा बघायचा राहिलाय."