तोहोकू विभाग, लॉन्ड्री

शनिवारी दुपारी नागामिने तोकुजी चष्मा कपाळावर ढकलून दुकानात बसले होते. समोर सरकारी पाहणीचा कागद होता. दर महिन्याच्या पंचवीस तारखेच्या सुमाराला तो येई. टॅक्सीवाले, न्हावी, खाणावळवाले अशा देशभरातल्या दोनेक हजार माणसांना त्यात विचारलेले असे: तीन महिन्यांपूर्वीच्या मानाने धंद्याची हालत कशी आहे? पुढे पाच चौकटी: सुधारली, थोडी सुधारली, आहे तशीच, थोडी बिघडली, बिघडली. खाली कारण लिहायचे. सगळ्यांच्या खुणा मिळून एक आकडा निघे. तो पन्नासच्या वर गेला की देशाची तब्येत बरी, खाली आला की काळजी. उत्तर जपानातल्या तोहोकू विभागातल्या त्सुरुओका शहरातले लॉन्ड्रीवाले म्हणून तोकुजी अकरा वर्षे हे काम करत होते.

त्यांची मुलगी चिझुरु तोक्योत एका बँकेच्या संशोधन विभागात होती आणि तिचे पोट याच आकड्यावर चालत होते. दोन दिवसांसाठी ती घरी आली होती. थंडी संपल्यावर धुवायला आलेल्या ओव्हरकोटांना चिठ्ठ्या लावत ती म्हणाली, "बाबा, 'थोडी बिघडली'वर खूण करा आणि मोकळे व्हा. कोट गेल्या वर्षीच्या निम्मे आहेत."

"उशिरा येतायत की येणारच नाहीत, ते सोमवारी कळेल."

"एका सोमवारात काय कळणार?"

"सोमवारी शाळेतल्या इगाराशीबाई येतात. त्यांनी कोट टाकला की चार दिवसांत सगळ्या शिक्षकांचे येतात. तुमच्या बँकेला इगाराशीबाई ठाऊक नाहीत, म्हणून तुमचे अंदाज चुकतात."

"आमचे अंदाज तुमच्या खुणांवरच असतात."

"म्हणजे चूक माझीच." तोकुजींनी पेन्सिल कानावर ठेवली. "तरी म्हटलं, इतकी शिकलेली पोर खापर कुणावर फोडते ते बघू."

चिझुरु हसली. एक गोष्ट तेव्हाही तिच्या ओठांवर आली होती. पाहणीतली निवडक कारणे नावाशिवाय छापली जात, फक्त विभाग आणि धंदा देऊन. अहवाल आला की ती आकड्याच्याही आधी 'तोहोकू, लॉन्ड्री' शोधी. ओळ असली तर बाबांची आहे हे तिला पहिल्या चार शब्दांत कळे. 'लोक आता शर्ट घरी धुतात, पण कॉलरची इस्त्री जमत नाही म्हणून सोमवारी दोनच आणतात.' असली ओळ दुसरे कोण लिहिणार? हे तिने त्यांना कधी सांगितले नव्हते. लेक वाचते आहे हे कळले असते तर ते लेकीसाठी लिहू लागले असते आणि नोंद बिघडली असती. निदान स्वतःला ती हेच कारण देत आली होती.

रविवारी ती तोक्योला परतली. सोमवारी सकाळी इगाराशीबाई कोट घेऊन आल्या, तेव्हा शटर अर्धेच उघडलेले होते आणि तोकुजी इस्त्रीच्या यंत्राजवळ पडलेले होते. डॉक्टर म्हणाले, हृदय.

बुधवारी अंत्यसंस्कार उरकून चिझुरु दुकानात आली. लोकांचे कपडे लोकांना परत करायला हवे होते. ती एकेक चिठ्ठी वाचत होती, इतक्यात फोन वाजला.

"मी पाहणीच्या कचेरीतून कुबोदेरा बोलतेय. आज शेवटचा दिवस, आणि नागामिने-सानांचा कागद आला नाही. असं कधी होत नाही, म्हणून म्हटलं..."

चिझुरुने सांगितले.

"तोक्योची मुलगी ती तुम्हीच का?" बाईंनी मग हळूच विचारले. "भांडण झालं होतं आमचं एकदा, तुमच्यावरून."

"माझ्यावरून?"

"तीन वर्षं झाली. फेब्रुवारीत त्यांनी एकदम 'सुधारली'वर खूण केली. सगळा तोहोकू बर्फाखाली, आणि हे म्हणतात सुधारली. कारण काय, तर 'मुलगी आठ दिवस घरी आहे. भात दुप्पट लागतो.' मी फोन केला, म्हटलं आजोबा, कारण धंद्याचं हवं. तर म्हणाले, बाई, दुकानही माझं आणि घरही माझंच, मी कुठून कुठे रेघ मारू? अर्धा तास हुज्जत घातली. शेवटी म्हणाले, बरं, लिहा 'आहे तशीच', कारण 'सांगण्याजोगा बदल नाही', तुमचा देश बिघडायला नको."

चिझुरुला ती ओळ आठवत होती. 'सांगण्याजोगा बदल नाही.' तोक्योतल्या टेबलापाशी वाचून ती मनात म्हणाली होती, या महिन्यात बाबांनी कंटाळा केलेला दिसतो.

कुबोदेराबाईंनी सांत्वन केले आणि फोन ठेवला.

चिझुरु कपड्यांमध्ये उभी राहिली. दुकानात कोणी नव्हते, तरी ती मोठ्याने बोलली.

"बाबा, मी तुमची ओळ वाचायचे. दर महिन्याला, सगळ्यांच्या आधी. फेब्रुवारीतलीही वाचली होती. ती मला कळली नाही."