पट्ट्यावरची जाळी

कारखाना निरीक्षकाच्या कचेरीतून बावीस प्रश्नांचा छापील कागद आला, त्याला आठवडा उलटला होता. आसारामशेठच्या शेंगा फोडायच्या गिरणीत बी.ए. झालेली मुक्ता एकटीच, म्हणून उत्तरं तिनं लिहायची. सही शेठची. पण शेठ उत्तरं द्यायची सोडून तिलाच प्रश्न विचारत बसले होते.

“औषधाची पेटी लागतेच का?”

“लागतेच.”

“हाय की मग. लिहा.”

“तिला कुलूप आहे, शेठ. आणि किल्ली वहिनींच्या कमरेला.”

“उघडी ठेवली तर टिंचर राहील व्हय? बाया घरच्या म्हशीला लावायला न्हेतात.”

मुक्तानं पुढचा प्रश्न वाचला. “चालत्या पट्ट्याला जाळी आहे काय?”

“हाय. श्रीगोंद्याहून घडवून आणली.”

“ती मागच्या भिंतीला टेकलीय. तिच्यावर झुंबरबाईंच्या मिरच्या वाळतायत.”

खंडेनवमीला इंजिनाची पूजा झाली, तेव्हा चाकाला हळदकुंकू लावायला शमशेर मिस्त्रीनं जाळी उतरवली होती. मग शेठनी आपल्या हातानं झेंडूची माळ बांधली, ती नेमकी जाळी बसते त्या खिळ्यांवरून. पूजेची माळ काढायची नाही, वाळून गळेल तेव्हा गळेल, हा त्यांच्या वडलांपासूनचा नेम. तीन आठवड्यांत फुलांचा चुरा झाला, सुतळी मात्र तशीच ताठ. आणि पट्टा उघडाच फिरत होता.

दसऱ्यानंतरच मुक्ताची नऊ महिन्यांची कुंदा रांगायला लागली होती. नवरा पारनेरला मास्तर, घरी दुसरं माणूस नाही. म्हणून कुंदा गिरणीत, मुक्ताच्या टेबलाखाली, कमरेला जुन्या लुगड्याची पट्टी, पट्टीचं दुसरं टोक टेबलाच्या पायाला. तिथून पट्ट्यापर्यंत चौदा पावलं. मुक्तानं ती मोजली होती, एकदा नव्हे, रोज.

“माळ काढा, असं मी तीनदा म्हटलं तुम्हाला,” ती म्हणाली, आणि सवयीनं हात खाली नेऊन गाठ चाचपली.

हाताला नुसती पट्टी लागली.

ती उठेपर्यंत टरफलं पाखडणारी झुंबरबाई दारात आली होती. काखेत कुंदा, गुडघे टरफलांच्या भुशानं माखलेले. “घ्या ताई, तुमची इन्स्पेक्टरीन. पार इंजिनापातुर गेल्ती तपासायला.”

मुक्तानं पोरीला घेतलं. ती थेट इंजिनापाशी गेली. “मिस्त्री, बंद करा. ही माळ काढा आणि जाळी बसवा.”

शमशेरनं इंजिन बंद केलं, पण माळेला हात लावला नाही. “बाई, उद्या काही बिघडलं तर नाव माझं निघेल. पूजेची माळ मी काढली म्हणून.”

त्याचंही खरंच होतं. मुक्तानं त्याच्या हत्यारांच्या पेटीतली पटाशी घेतली, सुतळी कापली आणि माळ भिंतीवरल्या देवीच्या तसबिरीला घातली. मिरच्या सुपात गेल्या. पाव तासात जाळी जागेवर बसली. इतकंच काम होतं. त्यासाठी तीन आठवडे.

ती टेबलाशी परतली तेव्हा शेठचा चेहरा उतरला होता. “बाईमानसानं असं करू न्हाई. बरं, आता तरी लिहा, जाळी हाय.”

तिनं लिहिलं. मग पुढचा प्रश्न. “यंत्रघरात लहान मुलं येतात काय?”

“न्हाई.”

मुक्तानं मांडीवरच्या कुंदाकडं पाहिलं. “चार येतात, शेठ. बायकांच्या पोरांसाठी मागची खोली रिकामी करून द्या, मी सांगतेय कधीची.”

“तिथं पोती हायत. आन् पन्नास बाया असल्या तरच खोली द्यावी लागती, हे तुमीच वाचून दाखवलंत. आपल्या एकोणतीस. तुमी ‘येतात’ लिहा, साहेब म्हनंल बंद करा. मग हिला कुठं ठेवता?”

तरी मुक्तानं त्या रकान्यात ‘चार’ लिहिलं आणि कागद सहीला पुढं सरकवला.

शेठनी तो वाचला, घडी केली आणि गादीखाली घातला. “उद्या बघू.”

बाहेर इंजिन पुन्हा सुरू झालं. मुक्तानं लुगड्याची पट्टी उचलली आणि या खेपेला दोन गाठी मारल्या.