ताप : नाही

फोन आला तेव्हा मी एका सात मजली इमारतीत लिफ्टच्या खड्ड्यात उतरलो होतो. फोन हॉस्पिटलमधून होता.

"काका, जरा लवकर या."

"कशी आहे ती?"

"तुम्ही या ना आधी."

बत्तीस वर्षं मी लिफ्टची कामं करतोय. आत अडकलेल्या माणसांना मीही असंच सांगतो, झालंच, पाच मिनिटं. त्यामुळे तो आवाज मला लगेच कळला. ग्रीसचे हात तसेच घेऊन गेलो. नर्स म्हणाली, आधी हात धुवा. मी धुतले. मग तिने मला बायकोजवळ जाऊ दिलं, तेव्हा घाई करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

सहा दिवसांपूर्वी तिला भरती केलं होतं. रक्तात इन्फेक्शन पसरलं, म्हणाले.

बायको शाळेचे गणवेश शिवायची. सहा वर्षांपूर्वी तिला संधिवात जडला. बोटं सुजायची, सकाळी मूठ वळायची नाही. सुईत दोरा मी ओवून द्यायचो. शेवटी मशीनवर चादर टाकली आणि ती स्टूलवर नुसती बसून राहायची. मग हॉस्पिटलातल्या मोठ्या डॉक्टरांनी नव्या गोळीबद्दल सांगितलं. अजून दुकानात आलेली नाही, अभ्यास चालू आहे, तुम्ही त्यात भाग घ्या. कागद वाचून दाखवले. या गोळीने अंगाची प्रतिकारशक्ती कमी होऊ शकते, ताप आला तर लगेच कळवा, हेही वाचलं. खोटं कशाला बोलू, वाचलं होतं.

आणि गोळी लागू पडली. दुसऱ्या महिन्यात तिने मशीनवरची चादर काढली. मला हाक मारून म्हणाली, "अहो, इकडे बघा." आणि स्वतःच्या हाताने सुईत दोरा ओवून दाखवला. लहान मुलीसारखी हसत होती.

अभ्यासातल्या माणसांना एक वही देत. रोज एक ओळ. गोळी घेतली का, ताप, तोंडात फोड, जखम, इतर त्रास. बारीक घरांत लिहिणं तिला तरीही जमायचं नाही, म्हणून मी लिहायचो. आणि रोज नाही, तपासणीच्या आदल्या रविवारी, सगळे दिवस एकदम. ती बाही शिवता शिवता सांगायची.

"ताप?"

"नाही."

"मंगळवारी अंग गरम होतं ना तुझं?"

"कोमट होतं. कोमट म्हणजे काय ताप झाला? नाही लिहा."

"तोंडात फोड आले म्हणत होतीस."

"तुम्ही असं सगळं लिहाल तर गोळी बंद करतील ते. मग या बाह्या तुम्ही शिवणार आहात का? लिहा सरळ. आणि अक्षर तरी नीट काढा, त्यांना वाटेल रुग्ण तुम्हीच आहात."

मी हसलो आणि लिहिलं. नाही, नाही, नाही.

प्रत्येक लिफ्टच्या मशीनरूममध्ये एक कार्ड टांगलेलं असतं. तपासणी झाली की त्यावर तारीख, सही आणि 'ठीक'. आमच्यातले बरेच जण खाली चहा पिता पिता 'ठीक' लिहितात. मी त्यांच्याशी भांडलोय. ब्रेकला हात लावल्याशिवाय मी त्या कार्डावर आजवर 'ठीक' लिहिलेलं नाही. घरात मात्र चार महिने लिहिलं.

बरं, हॉस्पिटलात तरी कुणी हात लावला का? वही गोळा करणाऱ्या ताई होत्या. पानं उलटायच्या, म्हणायच्या, "वा काका, तुमची वही एकदम स्वच्छ. कुठे खाडाखोड नाही. खाडाखोड असली की वरून, औषध कंपनीकडून, प्रश्नावर प्रश्न येतात हो." रक्त घ्यायचे, बोटांची जाडी मोजायचे, सूज किती उतरली ते पाहायचे. सूज उतरलेली त्यांना हवी होती. शेवटच्या खेपेला ती समोर बसली होती, ओठ सुकलेले, डोळे ओढलेले. ताईंनी वही तपासली. बाईकडे कुणी पाहिलंच नाही.

त्यानंतर चौथ्या दिवशी तिच्या बोटात मशीनची सुई घुसली. आठवड्यात बोट काळं पडलं. पुढचं सांगितलंच.

ती गेल्यावर पंधरा दिवसांनी ताईंचा फोन आला, वही घेऊन या. मुलगी म्हणाली, "बाबा, मी येते बरोबर." तिला म्हटलं, नको. माझा आवाज चढणार हे मला माहीत होतं.

ताईंनी आधी पाणी दिलं. मग वही उघडून माझ्यासमोर सरकवली. "काका, शेवटची सहा घरं रिकामी आहेत. तेवढी भरून द्या ना. रिकामी ठेवली तर फाइल बंद होत नाही."

"काय भरू?"

"जे असेल ते. नाहीतर नेहमीसारखं…"

"नेहमीसारखं म्हणजे?"

त्यांनी पेन पुढे केलं. त्यांच्या कोपरापाशी एक छापील कागद होता. मला उलटं वाचता येतं, मशीनवरच्या पाट्या आम्ही लोंबकळून वाचतो. वर बायकोचा अभ्यासातला नंबर, सतरा. खाली, मृत्यूचं कारण, सुईच्या जखमेतून इन्फेक्शन. त्याखाली, औषधाशी संबंध नाही. बाजूला मोठ्या डॉक्टरांची सही.

मी उठलो आणि तो कागद घेऊन सरळ डॉक्टरांच्या खोलीत गेलो. ताई मागे धावल्या.

"संबंध नाही?" मी विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "बसा. तुमचं दुःख मी समजू शकतो. पण पाहा, सुई लागली, ती घरात लागली. त्याआधी ताप नाही, फोड नाही, काहीच नाही. इन्फेक्शन अचानक बाहेरून आलं."

"तीस वर्षं सुया टोचून घेतल्या तिने. बोट तोंडात घालायची आणि पुढची शिवण घ्यायची. तेव्हा नाही मेली ती. या गोळीवरच कशी मेली?"

"आम्हाला नोंदीवरून चालावं लागतं. वहीत तापाचा उल्लेख नाही."

"वही मी लिहिलीय!"

मग सगळं सांगितलं. रविवारी बसून लिहायचो, एकदम. ताप होता. फोड होते. तिला गोळी बंद होण्याची भीती होती म्हणून मी नाही लिहिलं. "आणि तुम्हाला स्वच्छ वही आवडायची," मी ताईंना म्हणालो. त्या रडायला लागल्या. मला त्यांची दया आली नाही. माझीही आली नाही.

डॉक्टर हळूच म्हणाले, "हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं."

"हो. आणि तुम्ही तिच्या कपाळाला हात लावायला हवा होता."

वहीच्या पुठ्ठ्याच्या आत नियम छापलेला आहे. चूक झाल्यास गिरवू नये, एकच रेघ मारावी, बाजूला खरं लिहावं, सही आणि तारीख घालावी. मी ताईंच्या टेबलाशी बसलो आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मशीनच्या खणात मला तिच्या तापाच्या गोळ्यांची चार रिकामी पाकिटं सापडली होती. तीही टेबलावर ठेवली. आठवेल ते लिहिलं, न आठवेल तिथे 'आठवत नाही' लिहिलं. तेवीस रेघा झाल्या. तेवीस सह्या. रिकाम्या सहा घरांत 'हॉस्पिटलात होती, तुम्हीच लिहा' असं लिहिलं नाही, पण मनात आलं. ती तशीच सोडली.

"वर पाठवाल का हे?" निघताना मी विचारलं.

"पाठवतो," डॉक्टर म्हणाले.

"आणि तुमचा कागद?"

"त्याचा विचार व्हावा लागेल."

बाहेर बाकावर एक बाई बसली होती, तिच्या मांडीवर तसलीच वही. बोटं सुजलेली. नवरा शेजारी बसून तिची घरं भरत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो. "रोज लिहा," मी म्हणालो, "आणि खरं लिहा." त्याने मला वेडा समजून पाय आत घेतले.

याला तीन महिने झाले. मी चार वेळा डॉक्टरांकडे जाऊन आलो. घरी मशीनच्या सुईखाली एक बाही अर्धी शिवलेली आहे, ती मुलगी पुरी करते म्हणाली, मी करू दिली नाही. हॉस्पिटलात तो कागद अजून तसाच आहे, औषधाशी संबंध नाही, आणि गोळी चालू आहे. डॉक्टरांनी त्यावर एकच रेघ मारायची आहे आणि बाजूला सही करायची आहे. ती अजून मारलेली नाही.