डुगडुगणारा रोबो

बारकीच्या रोबोला सहा चाकं. त्यातली मधली दोन तिने मुद्दाम नखभर खाली बसवली होती. सगळी एकदम टेकली की वळताना घासतात आणि गाडी अडते, म्हणून. हे तिने मला उपड्या वाटीवर ताट फिरवून समजावलं. "आईला कळलं म्हणजे कुणालाही कळेल," असंही वर ऐकवलं.

शाळेच्या संघात चाकांचं काम पहिल्यांदाच तिच्याकडे आलं होतं. आज हॉलमध्ये रोबो वळला नाही, तर स्पर्धेला मागच्या वर्षीचा जुना सांगाडा जाणार, हे वरच्या वर्गातल्या उंच कॅप्टनने स्वच्छ सांगितलं होतं. आमच्या घराखाली, ह्यांच्या सुतारकामाच्या खोलीत जोडलेला तो रोबो ह्यांनीच टेम्पोतून आणला.

सरळ तर छान गेला. मग बारकीने वळवला. तो जागच्या जागी थरथरला, कडकड वाजला, जळक्या रबराचा वास सुटला आणि बंदच पडला.

"परत," कॅप्टन म्हणाली.

परत तेच.

बारकीचे ओठ पांढरे पडले. तिने साखळ्या दाबल्या, तारा ओढून पाहिल्या. पाना दोनदा निसटला. "माझं गणितच चुकलंय, आई," ती पुटपुटली. रागवायचं कसं ते मला येतं. धीर कसा द्यायचा ते येत नाही.

"अजून एकदा बघ," कॅप्टन म्हणाली. "मग मी जुना काढते. रागवू नकोस हं."

काहीतरी करायचं म्हणून मी खाली बसले आणि रोबोचा कोपरा दाबला. हलला नाही. दुसरा दाबला. ढिम्म. काल घरी हाच माझ्या हाताखाली डुगडुगत होता.

मी मान वर केली. हे दाराशी उभे, चेहऱ्यावर समाधान. मला पहिल्यांदा भेटायला आला तेव्हा ह्या माणसाने माझ्याकडे बघायच्या आधी टेबलाच्या पायाखाली कागदाची घडी घातली होती.

"अहो, ह्याला हात लावलात?"

"डुगडुगत होतं गं. मधल्या चाकांवर कुणीतरी पत्र्याच्या चकत्या घातलेल्या. टाकल्या काढून."

आता पोरगी जे बोलेल ते आम्हा तिघांना जन्मभर पुरणार, ह्या भीतीने मी उठून दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"बाबा," बारकी अगदी हळू म्हणाली, "काढून कुठे टाकल्या?"

ह्यांचा चेहरा उतरला. खिशातून भुशासकट तीन चकत्या निघाल्या. चौथी निघेना. दुसरा खिसा उलटा केला, नुसती पेन्सिल. बारकीचे डोळे भरले. कॅप्टन जुन्या सांगाड्याकडे निघाली.

"थांब पोरी," हे म्हणाले. "ते तुमचं कॉम्प्युटरचं टेबल..."

"त्याचं काय, काका?"

"तेही डुगडुगत होतं."

टेबलाच्या पायाखालून चौथी चकती निघाली. बारकीने चारही जागच्या जागी बसवल्या, पान्याने आवळल्या. रोबो पुन्हा डुगडुगू लागला. तिकडे टेबलही. वरचा कॉम्प्युटर पडू नये म्हणून हे ते दोन्ही हातांनी धरून उभे राहिले.

बारकीने रोबो वळवला. एका जागी गर्रकन फिरला, ताटासारखा. कॅप्टनने जुना सांगाडा पायाने भिंतीकडे सरकवला.

"वळला का?" ह्यांनी विचारलं. डोळे घट्ट मिटलेले होते.