मोरीच्या पणजीचा दात

चूक पहिल्यांदा तेजस्वीकडूनच झाली होती. तीही एका शब्दाची.

लग्नानंतर पिरनवाडीच्या घरी तिनं एक मिठाईचा डबा आणला. झाकण काढलं तर आत कापसावर ओळीनं एकेचाळीस दात. सासूबाई, गुणाबाई, दचकून मागं सरल्या. "कशाचे गं एवढे दात?"

आता शार्क म्हणावं तर त्यांना काय उमगणार? म्हणून ती हसत म्हणाली, "मोरीचे, आत्ती. आपल्या बाजारात मोरी मासा मिळतोय न्हवं, त्याची पणजी. दोन कोटी वर्षांमागची."

ते दोन कोटी गुणाबाईंच्या कानावरून गेले. मोरी तेवढी कानात राहिली. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मोरीचं कालवण घालायची रीत. तेजस्वीच्या बाळंतपणात त्यांनी ते इतक्या वेळा केलं, की शेजारणी म्हणायच्या, सुनेला आता खवले फुटतील. मग मोरीच इतकी गुणाची, तर तिच्या पणजीचा दात किती गुणाचा?

हे दात तेजस्वीला एम.एस्सी.च्या सहलीत कच्छमध्ये सापडले होते. बाकीची पोरं चहाला गेली की ही कोरड्या नाल्याच्या काठावर गुडघ्यांवर बसायची. ऊन उतरतीला लागलं की मातीत काहीतरी चिंचोक्यासारखं चमकायचं. हळूच उचलायचं, फुंकर मारायची, आणि बोटानं कड चाचपायची. कापणीच्या विळ्याला असतात तसे बारीक दाते लागले की मनात लाडू फुटायचे. प्रत्येक दातामागं तिनं बारीक आकडा घातला होता. कुठल्या काठावर, कितव्या थरात, सगळं वहीत.

त्यातला तेविसावा वेगळा. चिंचोक्याएवढाच, पण त्याच्या दोन्ही खांद्यांवर एकेक काटा होता, तांदळाच्या कणीएवढा. त्या थरात असा दात सापडल्याचं कुणी लिहिलेलं नव्हतं. पोर सहा महिन्यांची झाली, तिच्या दुपारच्या झोपेत तेजस्वीनं त्याचे फोटो काढले आणि धारवाडच्या एका संशोधक मॅडमना पाठवले. मॅडमचा फोन आला. "फोटोवर भागणार नाही. ते दोन काटे मला भिंगाखाली बघायचेत. खरे निघाले तर याच दातावर तुझी पीएच.डी. सुरू करू. पुढच्या मंगळवारी घेऊन ये."

कॉलेजातली नोकरी पोटुशी असताना सुटली होती. घरात सगळे तिला आता छकुलीची आई म्हणायचे, आणि तिलाही ते गोड लागायचं. पण त्या फोननंतर तिनं छकुलीला उचलून गच्च धरलं आणि कानात सांगितलं, "आईला शाळेत घातलंय गं पुन्हा."

जायला आठ दिवस असताना, सोमवारी डबा उघडला, तर तेविसावा नव्हता.

तिनं घर पालथं घातलं. नवरा, साईराज, कामावरून आला तो शर्ट न बदलताच दिवाणाखाली पालथा झाला. मोबाइलचा उजेड टाकत म्हणाला, "हितं न्हाय गं. उंदरानं नेला असंल."

"उंदीर कापूस सोडून दगड नेतोय व्हय?"

"मग पोरीनं तर तोंडात..." तो बोलला आणि थांबला.

तेजस्वीनं पोरीच्या तोंडात बोट घालून पाहिलं. छकुली रांगायला लागली होती, दिसेल ते तोंडात घालायची. आणि त्या दाताला टोक होतं, धार होती. रात्रभर ती पोरीच्या पोटावर हात ठेवून बसली. सकाळी साईराजनंच गाडी काढली. दवाखान्यात पोरीला एक्स-रेच्या थंड पत्र्यावर निजवलं, तशी तिनं आकांत मांडला. तेव्हा तिचे दोन्ही हात साईराजनंच धरून ठेवले होते. डॉक्टर म्हणाले, काही नाही. पण काही नाही म्हटल्यावरही पुढचे चार दिवस तेजस्वी पोरीची शी काडीनं चाचपत होती. साईराज दारात उभा राहून विचारायचा, "सापडलं काय गं?"

रविवारी कोगनोळीला नणंदेच्या, सौम्याच्या, मुलाचं जावळ होतं. आयुष वर्षाचा झाला तरी अंगाला लागत नव्हता. सारखं आजारपण. जावळ मामाच्या मांडीवर काढायचं, म्हणून साईराज पाटावर बसला. न्हावी म्हणाला, "मामा, मांडी हलवू नका. न्हाय तर केसांसंगं भाच्याचं कान यायचं हातात."

सगळे हसले. आयुष रडत होता, मामाच्या शर्टाला धरून मान झटकत होता. तेजस्वी छकुलीला कडेवर घेऊन मागं उभी होती. सौम्याची चुलत सासू, मालुबाई, तिला कोपर मारून म्हणाली, "दगडाचे दात जमवणारी ती तूच काय गं? पोटच्या पोरीला एक दात यायच्या आधी घरात चाळीस!"

"एकेचाळीस, मावशी," तेजस्वी म्हणाली. "एक हरवला."

"हरवला कुठं?" सौम्या मागून आली आणि तेजस्वीचा मोकळा हात तिनं हातात घेतला. डोळे भरून आले होते. "वहिनी, तुमचे उपकार कसे फेडू? दादा सांगत होता, तुम्ही स्वतःच्या हातानं काढून दिलासा म्हणं. बांधल्यापासनं चार दिवस ताप न्हाय बघा लेकराला."

आयुषच्या गळ्यात काळा दोरा होता. दोऱ्यात चांदीची टोपी आणि टोपीत तेविसावा दात.

तेजस्वी खाली वाकली. आयुषनं तिला ओळखून रडं थांबवलं. तिनं दात बोटात धरला. विळ्याचे दाते लागले. खांद्यांवरून बोट फिरवलं. दोन्ही खांदे गुळगुळीत होते.

"काटे होते ह्याला," ती म्हणाली.

"टोचले असते की लेकराला," सौम्या म्हणाली. "दादानंच घासून घेतले. सोनारापाशी उभा राहून, मंगळवारी सांजच्याला."

मंगळवार. सकाळी पत्र्यावर पोरीचे हात धरले, आणि संध्याकाळी सोनाराकडं उभा राहिला.

तिनं वर पाहिलं. मांडीवरच्या भाच्याच्या डोक्याआडून साईराज तिच्याकडं बघत होता. नको, एवढंच त्याचे डोळे म्हणत होते. पलीकडं गुणाबाई पदर सावरत अक्षतांच्या ताटात बघत राहिल्या. म्हणजे त्यांनाही ठाऊक होतं. घरात ठाऊक नव्हतं ते तिला आणि छकुलीला.

सौम्या अजून शेजारीच होती. तिला मात्र खरंच काही माहीत नव्हतं. तेजस्वीनं दोरा आयुषच्या गळ्यात नीट बसवला, गाठ मागं सरकवली आणि म्हणाली, "तोंडात घालू देऊ नको. धार हाय अजून."

संध्याकाळी सगळे पिरनवाडीला परतले. घरात पाऊल टाकताच साईराज म्हणाला, "आईनं हट्ट धरला, तू फोटो काढत होतीस तोच पायजे म्हणून. आणि सौम्याचं लेकरू डोळ्यांदेखत वाळत होतं गं. तुला विचारलं असतं तर दिला असतास?"

"न्हाय."

"मग?"

तिनं एवढंच विचारलं, "एक्स-रे?"

तो भिंतीकडं बघत म्हणाला, "तू लई भ्यालतीस. तवा सांगितलं असतं तर जावळात तमाशा झाला असता. आणि एका फोटोनं काय होतंय पोरीला?"

"मला तिच्या पोटात दिसत होता तो, साईराज. पाच दिवस."

"चुकलं म्हणतोय की. आता मॅडमना सांग, हरवला म्हणून. घरातली गोष्ट घरात."

खोटं त्यानं तयारच ठेवलं होतं, आणि ते तिच्या तोंडून बोलायचं होतं. तिनं छकुलीला त्याच्या मांडीवर ठेवलं, त्याच्या समोरच बसली आणि मॅडमना फोन लावला.

"मॅडम, दात सापडला. पण काटे गेले. माझ्या नवऱ्यानं घासून घेतलेत."

साईराज उठायला गेला, पण मांडीवर पोर होती. पलीकडून मॅडमनी कानडीत एकेक प्रश्न विचारायला सुरुवात केली. कशानं घासलं, कधी, पूड कुठं पडली, का घासलं. मॅडमना मराठी कळायचं, पण तेजस्वी एरवी त्यांच्याशी कानडीतच बोलायची. आज ती मराठीत उत्तरं देत होती, सावकाश, आवाज चढवून. आत्तींचं कानडी बाजारापुरतंच होतं, आणि त्या आत चुलीपाशी उभ्या राहून ऐकत होत्या.